स्वयंपाकघरातला फुगा

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात एकच विषय आहे, तो म्हणजे आजीची झडप. घाटकोपरला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. भाजीची पिशवी घेऊन येताना आजी दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून उभी राहू लागली, तेव्हा आम्ही ते वयावर ढकलले. तपासणीत निघाले की हृदयातून महारोहिणीत रक्त सोडणारी झडप चुना साचून कडक झाली आहे. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक छाती उघडण्याची. दुसरी, जांघेतल्या रोहिणीतून एक लांब नळी, म्हणजे कॅथेटर, हृदयापर्यंत सरकवायची आणि तिच्या टोकावर मिटलेल्या छत्रीसारखी बसवलेली नवी झडप तिथे उघडायची.

छाती उघडण्याचे नाव काढताच आजीने नकार दिला. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयारोपण केले आणि रोगी जेमतेम तीन तास जगला, ही बातमी तिने नवी नवरी असताना ऐकली होती. ती भीती तिच्या मनातून कधी गेलीच नाही. दुसऱ्या वाटेचा खर्च ऐकून बाबा आणि काका गावच्या जमिनीविषयी हळू आवाजात बोलू लागले. आजीने मात्र मला एकच विचारले, की ही नळीची युक्ती प्रथम कोणाच्या डोक्यात आली? मी इतिहासाचा विद्यार्थी. शास्त्रशाखेच्या मित्रांनी हसू नये, पण मी शोधू लागलो आणि आंद्रेआस ग्रुंटझिग या माणसापाशी येऊन थांबलो.

त्याचा जन्म २५ जून १९३९ रोजी जर्मनीत ड्रेस्डेन येथे झाला. दोनच महिन्यांनी महायुद्ध पेटले. वडील युद्धात गेले ते परतले नाहीत. आईने दोन मुले वाढवली, मध्ये काही काळ अर्जेंटिनातही काढला. लाइपझिगच्या ज्या शाळेशी संगीतकार बाखचे नाव जोडलेले आहे, तिथे तो शिकला. पुढे पूर्व जर्मनी सोडून हायडेलबर्गला गेला, १९६४ मध्ये डॉक्टर झाला आणि १९६९ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात रुजू झाला.

त्याच १९६४ साली अमेरिकेत चार्ल्स डॉटर याने एका वृद्ध बाईच्या पायातील आवळलेली रोहिणी, एकावर एक जाड नळ्या घालून, चाकू न लावता मोकळी केली होती. कल्पना धाडसाची खरी, पण नळीच ताठ आणि जाड. हृदयाच्या नाजूक रोहिण्यांत ती नेणार कशी? ग्रुंटझिगला वाटले, नळी बारीक असावी, तिच्या टोकाला फुगा असावा, तो मिटून आत जावा, जागेवर फुगावा आणि पुन्हा मिटून बाहेर यावा.

पण फुगा कसला? इथे मला हा माणूस फार आवडला. त्याने हे काम मोठ्या प्रयोगशाळेत नव्हे, तर रात्री घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर केले. पत्नी मिखाएला, सहायक मारिया श्लुंफ आणि तिचा नवरा अशी चार माणसे नळ्या कापत, चिकटवत, तापवत बसत. रबरी फुगा नेमका अडचणीच्या जागी दबे आणि दोन्ही बाजूंना फुगे, म्हणजे मोकळ्या भागालाच इजा व्हायची. हवा होता तो ठरलेल्या जाडीपुढे न वाढणारा फुगा. हाइनरिख होप्फ नावाच्या निवृत्त रसायनशास्त्रज्ञाने त्याला पी. व्ही. सी. ची वाट दाखवली. पावसाळ्यात आपण ज्या प्लॅस्टिकच्या नळ्या जोडतो, त्याच जातीचा पदार्थ! १९७४ मध्ये त्याने तो फुगा रोग्याच्या पायाच्या रोहिणीत वापरला. नंतर एकाच नळीत दोन पोकळ मार्ग केले: एक फुगा फुगवायला, दुसरा आतील दाब मोजायला. मग कुत्र्यांवर प्रयोग. १९७६ मध्ये मायामीच्या परिषदेत त्याने ते तक्त्यावर मांडले, तेव्हा बहुतेकांनी माना हलवल्या.

१६ सप्टेंबर १९७७. झुरिकला अडतीस वर्षांचा एक विमा-प्रतिनिधी टेबलावर जागाच होता. शस्त्रवैद्य तयार होते, कारण रोहिणी फाटली तर छाती उघडावी लागणार होती. फुगा दोनदा फुगवला. छातीतली कळ थांबली, रोहिणी मोकळी झाली. तो रोगी पुढे कित्येक वर्षे जगला. ग्रुंटझिगला मात्र तेवढे आयुष्य लाभले नाही.

एक गोष्ट मला विशेष वाटते. आपली विद्या त्याने झाकून ठेवली नाही. १९७८ पासून झुरिकमध्ये वर्ग भरवून, पडद्यावर प्रत्यक्ष शस्त्रक्रिया दाखवून त्याने इतरांना शिकवले. फसलेल्या प्रयत्नांचीही नोंद ठेवावी, असा त्याचा आग्रह असे. १९८० मध्ये तो अमेरिकेत अटलांटाला गेला. विमान स्वतः चालवण्याचा त्याला नाद होता. २७ ऑक्टोबर १९८५ रोजी खराब हवेत ते विमान कोसळले. तो आणि त्याची दुसरी पत्नी दोघेही गेले. वय अवघे सेहेचाळीस. डॉटरही त्याच वर्षी वारला.

आणि त्याच वर्षी, अपघाताच्या जेमतेम महिनाभर आधी, फ्रान्समध्ये रूआं येथे आलँ क्रिबिए याने एका वृद्ध बाईची कडक झालेली झडप फुग्याने उघडली होती. पण अशी उघडलेली झडप काही महिन्यांत पुन्हा आवळे. १९८९ मध्ये डेन्मार्कच्या हेनिंग रूड आंदेर्सेनने धातूच्या जाळीत शिवलेली झडप फुग्यावर मिटून डुकराच्या हृदयात बसवली. माणसात हे साधले क्रिबिएला, १६ एप्रिल २००२ रोजी. यात नळीची कसोटी मोठी असते. महारोहिणीच्या कमानीत तिने भिंत न खरवडता वळायचे, घाटकोपरच्या गल्लीत टेम्पो वळवावा तसे. झडप थोडी वर बसली तर हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांची तोंडे झाकली जाण्याचे भय, खाली बसली तर निसटण्याचे. म्हणून त्या काही सेकंदांपुरते हृदय मुद्दाम फार वेगाने धडधडवतात, म्हणजे रक्ताचा जोर ओसरतो आणि फुगा हलत नाही.

गहू निवडता निवडता आजीने हे सारे ऐकले. स्वयंपाकघराचा भाग तिने पुन्हा सांगायला लावला. त्या विमा-प्रतिनिधीची चौकशीही केली. मग बाबांना हाक मारून तिने जमिनीचे कागद कपाटात परत ठेवायला सांगितले आणि आपल्या पाटल्या काढून पुढे केल्या. संमतिपत्रावर सही करताना तिचा हात थोडा कापला. पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे.