रमाबाई रानडे

रमाबाई महादेव रानडे (१८६२–१९२४) या महाराष्ट्रातील आद्य समाजसेविका, पुणे सेवासदनाच्या संस्थापिका आणि मराठीतील एका गाजलेल्या आत्मपर ग्रंथाच्या लेखिका होत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या त्या पत्नी. पतीच्या निधनानंतरच्या सुमारे तेवीस वर्षांत त्यांनी स्वतंत्रपणे उभे केलेले कार्य हीच त्यांची खरी ओळख आहे. स्त्रियांच्या प्रश्नांवर त्यांच्याआधी आणि त्यांच्या काळातही अनेकांनी लिहिले, भाषणे केली. रमाबाईंचे वेगळेपण असे की, एकमेकांपासून दूर असलेल्या मंडळींना त्यांनी एका कामाला जोडले. पारशी व सिंधी सुधारक, भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते, सरकारी रुग्णालय आणि पुण्यातील सनातनी घरांतील बायका या सर्वांना त्यात स्थान होते.

बालपण व विवाह

रमाबाईंचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. त्या घरात मुलींना लिहावाचायला शिकवण्याची चाल नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह रानड्यांशी झाला. त्या वेळी रानड्यांचे वय एकतीस होते आणि त्यांची प्रथम पत्नी नुकतीच वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी विधवेशी लग्न करावे अशी सुधारकांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली. यावरून त्यांच्यावर झालेली टीका अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र या विवाहातूनच एका निरक्षर मुलीच्या शिक्षणाला आरंभ झाला, हेही तितकेच खरे.

शिक्षण

लग्नानंतर लगेच रानड्यांनी पत्नीला धुळाक्षरांपासून शिकवायला घेतले. मराठी वाचन-लेखन झाल्यावर इंग्रजीचा अभ्यास सुरू झाला आणि खरा विरोध त्या वेळी उभा राहिला. तो बाहेरच्या जगाकडून नव्हे, तर घरातूनच आला. सासरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांना, ज्यांत विधवाही होत्या, सुनेने पुस्तक हाती धरणे हा मर्यादाभंग वाटे. दिवसभर त्यांच्या हाताखाली घरकाम करायचे, टोमणे मुकाट्याने ऐकायचे आणि रात्री पतीजवळ बसून धडे गिरवायचे, असा क्रम अनेक वर्षे चालला. रमाबाईंनी या स्त्रियांना उलट उत्तर दिले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. पुढे सेवासदनात नाखूश सासवांची व जावांची मने वळवताना हा अनुभव त्यांना उपयोगी पडला असावा.

नाशिक येथे रानडे न्यायाधीश असताना रमाबाई हळदीकुंकवाच्या निमित्ताने स्त्रियांना एकत्र आणू लागल्या. तेथील शाळेच्या समारंभात त्यांनी आपले पहिले जाहीर भाषण केले. ते रानड्यांनी लिहून दिले होते. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या व आर्य महिला समाजाची स्थापना झाली, तेव्हा रमाबाई त्या सभांना नियमाने जाऊ लागल्या. या दोघी समवयस्क होत्या, नावही एकच. पण स्वभाव आणि मार्ग अगदी भिन्न. पंडिताबाईंनी रूढीशी उघड संबंध तोडला, तर रमाबाई रूढीच्या चौकटीत राहून तिचे दरवाजे किलकिले करीत गेल्या.

मुलींसाठी हायस्कूल काढावे म्हणून पुण्याच्या हिराबागेत मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे सभा झाली. त्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचून दाखवले. रानडे, वामनराव मोडक, रा. गो. भांडारकर आदींच्या प्रयत्नांनी १८८४ साली हे हायस्कूल सुरू झाले. तीच आजची हुजूरपागा. ‘केसरी’ने या शाळेच्या अभ्यासक्रमावर पुढे कडक टीका केली. घरी परतल्यावर रमाबाईंना जे ऐकावे लागले ते त्या टीकेहून सौम्य नव्हते. रानड्यांच्या बदलीमुळे काही काळ कलकत्त्यास राहावे लागले, तेव्हा त्या बंगालीही शिकल्या.

१८९३ मध्ये रानडे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस आले. तेथे रमाबाईंनी आर्य महिला समाजाची शाखा चालवली आणि हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब स्थापन करून भाषा, सामान्य ज्ञान व शिवणकाम यांचे वर्ग सुरू केले.

वैधव्य आणि पुनरागमन

१६ जानेवारी १९०१ रोजी रानड्यांचे निधन झाले. रमाबाई पुण्यास आपल्या वाड्यात परतल्या व सुमारे वर्षभर त्यांनी स्वतःला जगापासून दूर ठेवले. त्या काळच्या रीतीप्रमाणे उरलेले आयुष्य पूजाअर्चेत घालवणे त्यांना सहज शक्य होते आणि त्याबद्दल कोणी नाव ठेवले नसते. त्या बाहेर पडल्या त्या प्रथम तुरुंगाकडे. स्त्री-कैद्यांना भेटावे, त्यांच्याजवळ बसून बोलावे, त्यांना चांगले काही वाचून दाखवावे, असे साधे काम त्यांनी सुरू केले. सुधारगृहातील मुलांना त्या सणावारी खाऊ घेऊन जात, तर रुग्णालयांतील आजाऱ्यांना फुले, फळे व पुस्तके नेऊन देत. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या.

सेवासदन

स्त्रियांसाठी आश्रयस्थान असावे आणि तेथे त्यांना रुग्णसेवेचे शिक्षण मिळावे, ही कल्पना मूळची बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांची. एक पारशी पत्रकार, दुसरे सिंधी न्यायाधीश. दोघेही मार्गदर्शनासाठी रमाबाईंकडे आले आणि १९०८ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईचे सेवासदन सुरू झाले. पुढील वर्षी पुण्यास, रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात, सेवासदनाचे काम उभे राहिले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्याचे प्रमुख संघटक होते. निधी, नियम आणि सरकारदरबारचा पत्रव्यवहार देवधरांनी सांभाळला. रमाबाईंच्या वाट्याला आलेले काम अधिक नाजूक होते. आपली मुलगी, सून किंवा विधवा बहीण घराबाहेर पाठवायला कुटुंब राजी होणे, ही त्या काळी सर्वांत मोठी अडचण. रानड्यांच्या पत्नीच्या वाड्यात जायचे आहे, एवढ्या एका गोष्टीवर कित्येक घरांचा विरोध मावळला. या विश्वासावाचून नुसत्या देणग्यांनी ही संस्था उभी राहिली नसती.

आरंभी शिवण, हस्तकला, प्रौढ स्त्रियांसाठी लेखन-वाचन आणि प्रथमोपचार असे वर्ग होते. पुढे शिक्षिका तयार करणारे विद्यालय व बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृह निघाले. परिचारिकांचे शिक्षण मात्र सर्वांत कठीण ठरले. ते पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या साहाय्याने चाले. रुग्णालयात जायचे म्हणजे परपुरुषाला व परजातीच्या शरीराला स्पर्श, रात्रपाळी, सोवळ्याओवळ्याचा लोप. वरच्या जातींतील घरांना हे सहन होण्यासारखे नव्हते. शिवाय या शिक्षणासाठी पुढे येणाऱ्यांत पुष्कळशा बालविधवा होत्या. ज्या बाईचे तोंड पाहणे घरात अशुभ मानले जाई, तिच्याच हातून आजाऱ्याला औषध मिळावे, यात रूढीला केवढा धक्का होता हे आजच्या वाचकाला एकदम ध्यानात येणार नाही.

संस्थेच्या एका बक्षीससमारंभातील प्रसंग या संदर्भात सांगितला जातो. केशवपन केलेली एक तरुण विधवा पारितोषिक घेण्यासाठी व्यासपीठावर आली, तेव्हा प्रेक्षागारातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडवली. समारंभाअखेरीस रमाबाई बोलायला उठल्या. एरवी त्यांचा आवाज चढत नसे. त्या दिवशी त्यांनी त्या तरुणांना कठोर शब्दांत जाब विचारला: तुमचे शिक्षण कसले, तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी अशी एखादी बहीण, आत्या किंवा आईसुद्धा असेल, तिला तुम्ही असेच हसाल काय, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभागृह निःशब्द झाले. आयुष्यभर वडीलधाऱ्यांचे बोल निमूटपणे सोसणाऱ्या बाईंनी आपल्या विद्यार्थिनीच्या अपमानाच्या वेळी मात्र गप्प राहणे पत्करले नाही.

सेवासदनाच्या स्वयंसेविका आळंदीच्या यात्रेतही जात आणि गर्दीतील स्त्री-यात्रेकरूंना मदत करीत. सुशिक्षित घरांतील बायकांनी यात्रेत उभे राहून अनोळखी बायकांची सेवा करणे ही त्या काळी नवी गोष्ट होती. कालांतराने पुण्याची संस्था मुंबईपासून स्वतंत्र झाली.

या कार्याची एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. सेवासदनाचे दार सर्व जातिधर्मांना खुले असले, तरी प्रारंभीच्या विद्यार्थिनींत पांढरपेशा वर्गाचाच भरणा अधिक होता. श्रमिक आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलींसाठी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ नंतर जे आरंभिले, त्या परंपरेशी सेवासदनाचे नाते दूरचे होते.

सार्वजनिक चळवळी

१९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला. पैशाच्या अडचणीमुळे ही सक्ती आधी मुलांपुरतीच असावी, असे एका पक्षाचे मत होते. मुलींना वगळण्यास रमाबाईंनी विरोध केला व स्त्रियांची चळवळ संघटित केली. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा यासाठीही त्यांनी प्रयत्न केले. फिजी व केनियातील हिंदी मजुरांच्या हालांविरुद्ध उठलेल्या आवाजात त्यांचाही आवाज होता.

लेखन

‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हा रमाबाईंचा ग्रंथ मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रपर लेखनातील आरंभीच्या महत्त्वाच्या कृतींपैकी एक आहे. नावाप्रमाणे तो दोघांच्या आयुष्याचा असला, तरी त्यात रानडेच केंद्रस्थानी आहेत आणि लेखिका बहुधा बाजूला उभी आहे. पतीच्या मृत्यूनंतरच्या स्वतःच्या कार्याबद्दल त्यात जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे सेवासदनातील रमाबाई समजून घेण्यासाठी वाचकाला अन्यत्र पाहावे लागते. घरातील स्त्रियांचे आपापसांतील ताणतणाव मात्र त्यांनी विलक्षण प्रामाणिकपणे टिपले आहेत, आणि तेही कोणाबद्दल कडवटपणा न ठेवता. या ग्रंथाची इंग्रजी भाषांतरे झाली आहेत. रानड्यांचे संकीर्ण इंग्रजी लेखनही त्यांनी १९१५ साली प्रसिद्ध केले.

निधन व स्मृती

रमाबाईंचे निधन १९२४ साली झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने १९६२ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले. त्यांच्या जीवनावर आधारित ‘उंच माझा झोका’ ही मराठी मालिका २०१२ मध्ये दूरचित्रवाणीवर प्रसारित झाली. पुणे सेवासदन ही संस्था आजही कार्यरत आहे.