ओठ न हलवता

लहानपणी परळीला महाशिवरात्रीच्या जत्रेत राजस्थानकडचे कठपुतळीवाले पाहिले होते. दोन बाजा उभ्या करून त्यांच्यामध्ये बांधलेला पडदा, त्यापुढे नाचणाऱ्या बाहुल्या आणि त्यांचा तो शिट्टीसारखा चिरका आवाज. खेळ संपल्यावर मी पडद्यामागे डोकावलो. एक थकलेला माणूस तोंडातली बांबूची पिपाणी काढून बिडी पेटवत होता. माझा पार हिरमोड झाला. बाहुल्यांना आवाज देणाऱ्या माणसाने दिसू नये, हा या खेळाचा नियमच असावा, असे मी तेव्हा धरून चाललो.

तो नियम यशवंत केशव पाध्ये यांनी मोडला होता, हे मला फार पुढे कळले. हा माणूस पडद्यापुढे, भर उजेडात, बाहुल्याला शेजारी घेऊन बसत असे. ओठ मिटलेले, चेहरा साळसूद, आणि बोलत असे तो अर्धवटराव. चिडका, तिरसट, आपल्याच धन्याचा पाणउतारा करणारा.

पाध्ये मूळचे जादूगार. नावामागचे ‘प्रोफेसर’ कुठल्या महाविद्यालयाने दिलेले नव्हते. त्या काळचे जादूगार ते बिरुद लावतच. मात्र जादूगाराच्या पेटीतून निघालेल्या या विद्येचा आपल्या देशात पाया घातला तो त्यांनीच. शब्दभ्रम हे तिचे मराठी नाव मला फार नेमके वाटते. लोक म्हणतात, पोटातून बोलतो. पोटाचा काही संबंध नसतो. आवाज गळ्यातूनच येतो, पण कान डोळ्यांच्या सांगण्यावर चालतो. ज्याचा जबडा हलताना दिसतो, त्याच्याच पदरी आपण शब्द घालून मोकळे होतो. मुक्याच्या तोंडी शब्द येण्याची गोष्ट तशी आमच्या गोदाकाठाला नवी नाही. पैठणच्या रेड्याची कथा ऐकतच आम्ही वाढलो. पण तो चमत्कार होता, पाध्यांची मेहनत होती.

मेहनत कसली, ते करून पाहावे. प, फ, ब, भ, म ही अक्षरे ओठ मिटल्या-उघडल्याशिवाय उमटत नाहीत. शब्दभ्रमकार तिथे जिभेने काम भागवतो. त वापरून प भासवायचा, द वापरून ब, न वापरून म. जरा गफलत झाली की ‘बाबा’चा दादा होतो आणि ‘मामा’चा नाना. मराठी घरातली निम्मी नाती ओठांवर उभी आहेत! शिवाय एक हात बाहुल्याच्या पाठीत, मान आणि जबडा सांभाळणारा. दोन आवाज, दोन स्वभाव आणि दोघांची भांडणे एकाच माणसाने लढवायची. प्रेक्षकांनी मात्र बघायचे ते बाहुल्याकडे. ते आपल्याकडे बघू लागले, तर आपण हरलो.

अमेरिकेत एडगर बर्गन नावाच्या शब्दभ्रमकाराने आपल्या चार्ली मॅकार्थी या बाहुल्याच्या जिवावर रेडिओ गाजवला. रेडिओवर, जिथे ओठ कुणालाच दिसत नाहीत! १९३८ साली त्याला ऑस्करची बाहुली मिळाली तीही लाकडी, हलत्या जबड्याची. आपल्याकडे अर्धवटराव १९६३च्या ‘अकेली मत जाइयो’ या हिंदी चित्रपटात दिसला. मला त्यात एक गंमत वाटते. बोलपट हाच मुळी शब्दभ्रम. आवाज पडद्यामागच्या कर्ण्यातून येतो आणि आपण तो मीनाकुमारीचा समजतो. तिथे आवाज मागाहूनही भरता येतो. पाध्यांनी आयुष्यभर रंगमंचावर घेतलेली जोखीम चित्रपटात कुणाला दिसणार?

१९६७ साली पाध्ये गेले. त्याच वर्षी १ मे रोजी त्यांचे चिरंजीव रामदास यांनी अर्धवटरावाचा पहिला स्वतंत्र प्रयोग केला. मी बँकेत होतो. खातेदार गेला की त्याची सही बाद होते, मुलाने हुबेहूब केली तर ती बनावट ठरते. इथे मुलाने बापाच्या बाहुल्याला आपल्या गळ्यातून बोलते ठेवले आणि त्याला सारे वारसा म्हणाले. मला ते योग्यच वाटते. नाहीतर त्या दिवशी अर्धवटरावही गेला असता.

आमच्या बीड जिल्ह्यात अर्धवटराव आणि आवडाबाई घरोघर पोहोचले ते दूरदर्शनवरून, रामदास यांच्याबरोबर. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा त्यांचाच. मग १९९३ साली ‘झपाटलेला’ आला. बीडला मुलाला घेऊन गेलो, तर तात्या विंचू दिसताच त्याने माझ्या शर्टात तोंड खुपसले. बाहुला चालवणारे हात रामदास पाध्यांचे आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा. काम झकास झाले, यात वाद नाही. पण जे यशवंतरावांनी एकट्याने पेलले, ते इथे दोघांत वाटले गेले होते. चित्रपटाला ते चालते. शाळेच्या सभागृहात शंभर पोरे ओठांकडे टक लावून बसलेली असतात, तिथे नाही चालत.

अर्धवटरावाने आता शंभरी ओलांडली आहे. घरातली तिसरी पिढीही याच विद्येत आहे. माझा तो मुलगा आता बाप झाला आहे. त्याच्या पोराला तात्या विंचू ठाऊक आहे, अर्धवटरावही ऐकून माहीत आहे. यशवंत पाध्ये कोण, म्हटल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला.

परवा दाढी करताना आरशापुढे मीही प्रयत्न केला. ओठ न हलवता ‘अर्धवटराव’ म्हटले. व जरासा नडला, पण जमले. त्या नावात ओठ मिटायला लावणारे अक्षरच नाही. मग ‘पाध्ये’ म्हणायला गेलो. चार वेळा म्हणून पाहिले. चारही वेळा ‘ताध्ये’.