पडद्याआडची चाळीस वर्षे

सेसिल बी. डीमिल हे नाव उच्चारले की भव्य प्रासाद, हजारोंचा जनसमुदाय आणि दुभंगणारा समुद्र डोळ्यांपुढे उभा राहतो. या भव्यतेला कात्रीने आकार देणाऱ्या ॲन बाउचेन्स यांचे नाव मात्र रसिकांच्या ओठी क्वचितच येते.

१८८२ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे जन्मलेल्या या बाई डीमिल यांचे ज्येष्ठ बंधू विल्यम यांच्या सचिव म्हणून चित्रव्यवसायात आल्या. डीमिल तेव्हा आपल्या चित्रपटांचे संकलन स्वतःच करीत. १९१५ च्या ‘कारमेन’मध्ये त्यांनी बाउचेन्सबाईंना सहसंकलक केले, १९१८ नंतर तर हे काम सर्वस्वी त्यांच्याच हाती आले. मूकपट गेले, बोलपट आले, पडदा रंगीत व रुंद झाला; ही जोडी मात्र अभंग राहिली. संकलन बाउचेन्सबाईच करतील, ही अट डीमिल आपल्या करारांतच घालीत.

चित्रफितीचे तुकडे पाहणे, निवडणे आणि जोडणे हे काम प्रारंभी शिवणकामासारखे हलके मानले जाई. म्हणूनच त्यात स्त्रियांना सहज वाव मिळाला. पुढे त्या कामाची प्रतिष्ठा वाढली आणि पुरुषांनी तेथे आपली जागा विस्तारली. अशा काळात ‘नॉर्थ वेस्ट माउंटेड पोलीस’ (१९४०) या चित्रपटासाठी बाउचेन्सबाईंना ऑस्कर लाभले. संकलनाचा हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. १९५६ च्या ‘द टेन कमांडमेंट्स’चे संकलन त्यांनी केले तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. साडेतीन तासांहून दीर्घ अशा त्या चित्रपटासाठीही त्यांचे नामांकन झाले.

त्यांची पद्धत जुनाट व संथ आहे, असा आक्षेप काही समव्यावसायिक घेत. तो अगदीच निराधार नसेल. परंतु ती संथता डीमिल यांच्या अभिरुचीचाही भाग होती. भव्यतेचे श्रेय दिग्दर्शकाला आणि संथतेचा दोष तेवढा संकलिकेला, हा न्याय नव्हे.

१९५९ मध्ये डीमिल निवर्तले. १९६७ मध्ये बाउचेन्सबाईही गेल्या. जोड दिसू न देणे हेच ज्या कलेचे यश, तिच्या उपासकांना विस्मरणाचा शाप जडलेलाच असतो. चित्रपट संपताच खुर्ची सोडणाऱ्या प्रेक्षकाने श्रेयनामावलीसाठी क्षणभर थांबावे. पडद्याआड झिजलेल्या हातांचे एवढे ऋण तरी आपण मानलेच पाहिजे.