शेठ प्रेमचंद रायचंद : वैभव, दान आणि कसोटी

अति श्रीमंत माणूस मनाने दयाळू आणि वागण्याने सज्जन असू शकतो काय, हा प्रश्न आपल्या समाजात पिढ्यानपिढ्या विचारला जात आला आहे. आपल्या धर्मात एकीकडे अपरिग्रहाची शिकवण आहे, तर दुसरीकडे दानाला श्रावकाच्या नित्य कर्तव्यात स्थान दिलेले आहे. संपत्ती बाळगू नये असे एक सांगते. संपत्ती असेल तर ती वाटावी असे दुसरे सांगते. या दोन्हींची सांगड घालताना एका थोर जैन श्रावकाचे जीवन आपल्याला पुष्कळ काही शिकवून जाते. ते श्रावक म्हणजे मुंबईचे कापूस-सम्राट शेठ प्रेमचंद रायचंद. सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे उचित ठरेल. दानाबरोबरच त्यांच्या हातून घडलेल्या चुकांचेही स्मरण करावे लागेल, कारण तेवढ्यानेच हे स्मरण प्रामाणिक ठरते.

प्रेमचंद शेठांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात सुरत येथील श्वेतांबर जैन ओसवाल कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद हे व्यापारी होते. सुरतेचे वैभव त्या काळी ओसरत चालले होते आणि व्यापारी कुटुंबे मुंबईची वाट धरीत होती. रायचंदही मुंबईस आले. प्रेमचंदांचे शिक्षण एल्फिन्स्टन संस्थेत झाले. इंग्रजी उत्तम लिहिता, वाचता आणि बोलता येणारा पहिला देशी दलाल असा त्यांचा उल्लेख केला जातो. कापूस आणि शेअर यांच्या दलालीत त्यांनी तरुण वयातच पाऊल टाकले. तल्लख स्मरणशक्ती, झटपट हिशेब आणि गोड वाणी या गुणांच्या बळावर अल्पावधीतच पेढ्यांमध्ये त्यांच्या शब्दाला वजन आले.

इ. स. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस बंद पडला. गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. काळ्या मातीत पिकणाऱ्या ज्या कापसाला पूर्वी फारसे कोणी विचारीत नव्हते, त्याचे भाव बघता बघता कित्येक पटींनी चढले. आपण सोनपेठकर कापसाच्या भावाशी घराघराचे नशीब बांधलेली माणसे. दूरदेशी काही घडले की येथील तराजू कसा हलतो, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. त्या चार वर्षांत मुंबईत कोट्यवधी रुपयांचा ओघ आला आणि त्या ओघाच्या मध्यभागी प्रेमचंद शेठ उभे होते.

पैसा इतका आला की तो कोठे गुंतवावा हेच लोकांना कळेना. नव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपयांचा शेअर दसपटीच्या घरात विकला गेला. या साऱ्या उलाढालीत प्रेमचंदांचा शब्द अखेरचा मानला जाई. त्यांची मर्जी व्हावी म्हणून लहानथोर सकाळपासून त्यांच्या दारी येऊन बसत. एवढे ऐश्वर्य असूनही त्यांची राहणी साधी होती आणि आलेल्या माणसाला ते सहसा विन्मुख पाठवीत नसत.

याच भरभराटीत त्यांच्या दानाचा झराही वाहत होता. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि त्याच वर्षी मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. मनोऱ्यास स्वतःचे नव्हे, तर मातोश्री राजाबाई यांचे नाव द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. राजाबाई दृष्टिहीन होत्या आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम त्या कसोशीने पाळीत. घड्याळाच्या ठोक्यांवरून मातेला वेळ कळावी म्हणून पुत्राने मनोरा बांधला, अशी आख्यायिका सांगितली जाते. कोलकाता विद्यापीठासही त्यांनी दोन लाख रुपये दिले. सुरतेत वडिलांच्या नावे कन्याशाळा आणि अहमदाबादेत शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय त्यांच्या देणगीतून उभे राहिले. मुलींच्या शिक्षणाला समाजाचा विरोध होता, त्या काळात त्यांनी हे केले, हे विशेष होय.

परंतु चरित्राची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांचे व्यवहार पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी घेणारा देऊ शकेना आणि देणारा मागू शकेना, अशी मुंबईची अवस्था झाली. ज्या कंपन्यांचे शेअर तारण ठेवून बँक ऑफ बॉम्बेने कर्जे दिली होती, ते शेअर कागदाच्या किमतीचे उरले. त्या बँकेवर प्रेमचंदांचा मोठा प्रभाव होता आणि पुरेशा तारणाशिवाय दिल्या गेलेल्या कर्जांत त्यांचा हात होता. बँक बुडाली, १८६८ मध्ये नव्या भांडवलावर नवी बँक उभारावी लागली. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगासमोर हा सारा इतिहास आला. विधवांची पुंजी, कारकुनांची बचत, लहान व्यापाऱ्यांचे भांडवल मातीमोल झाले. स्वतः प्रेमचंद शेठही दिवाळखोर झाले.

येथेच मूळ प्रश्न अधिक टोकदार होतो. ज्या हातांनी विद्यापीठाला लाखो रुपये दिले, त्याच हातांनी चालविलेल्या सट्ट्यात सामान्य माणसांचे संसार उघडे पडले. मग त्यांना दयाळू म्हणावे की नाही? आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले आहेत. त्यांत पहिले स्थान दानाला नाही, तर न्यायाने मिळविलेल्या वैभवाला आहे. हा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. मिळकतीचा मार्ग शुद्ध नसेल, तर पुढील दान ती उणीव पूर्णपणे भरून काढू शकत नाही. त्याचप्रमाणे श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाला स्वतःहून मर्यादा घालण्यास सांगितले आहे. प्रेमचंदांच्या ठायी औदार्य अपार होते. उणीव होती ती या मर्यादेची.

तथापि पतनानंतरचे त्यांचे वर्तनही लक्षात घेतले पाहिजे. वैभव गेल्यावर ते खचले नाहीत. लहान प्रमाणावर पुन्हा व्यापारास लागले आणि आपली पत हळूहळू सावरली. १८७५ मध्ये मुंबईत देशी दलालांची संघटना स्थापन झाली, तीच आजच्या मुंबई शेअर बाजाराची जननी होय. तिच्या संस्थापकांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. ज्या बाजाराने त्यांना बुडविले, त्याच बाजाराला नियमांची चौकट देण्याच्या कार्यात ते सहभागी झाले. १९०६ साली त्यांचे देहावसान झाले.

आज मागे वळून पाहता काय उरले? शेअरांचे कागद गेले, कंपन्या गेल्या, कापसाचे सौदे विस्मरणात गेले. उरला तो १८७८ मध्ये पूर्ण झालेला २८० फूट उंचीचा राजाबाई मनोरा. २०१८ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या मुंबईच्या वास्तुसमूहात त्याचा समावेश आहे. कोलकाता विद्यापीठातील प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीही उरली. सर आशुतोष मुखर्जी तिचे मानकरी ठरले. छत्रपती शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिणारे इतिहासकार सर जदुनाथ सरकार यांनाही ती मिळाली होती. म्हणजे एका जैन व्यापाऱ्याच्या दानाचा अंश महाराष्ट्राच्या इतिहासलेखनापर्यंत येऊन पोहोचला. जे त्यांनी जवळ ठेवले ते गेले. जे देऊन टाकले तेच टिकले.

तेव्हा श्रीमंत माणूस सज्जन असू शकतो काय, याचे उत्तर होय असेच आहे. मात्र त्याची परीक्षा देणगीच्या पावतीवर होत नाही. ती दुकानाच्या गादीवर, तराजूच्या काट्यावर आणि आपल्यावर विश्वास टाकणाऱ्या लहान माणसाच्या हिशेबात होते. आडतीवर कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याला वजनात व भावात न्याय मिळाला, तर तो आपल्या दानाचा पहिला हप्ता होय. मंदिराच्या शिलेवर कोरलेले नाव त्यानंतर येते. प्रेमचंद शेठांचे औदार्य आपण घ्यावे आणि त्यांच्या चुकीपासून सावध राहावे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.

जय जिनेंद्र.