नॅट किंग कोल : वडिलांचं जुनं गाणं आणि मुलीचा नवा आवाज



स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली की मुलं हमखास एखाद्या जुन्या गाण्याचं रिमिक्स घेऊन येतात. मग आपल्यापैकी कुणीतरी कपाळाला हात लावतं. जुन्या गाण्याची पार वाट लावली, असं आपल्याला वाटतं. पण दरवेळी वाटच लागते का? याचा विचार करण्यासाठी आज आपण अमेरिकेतले जॅझ पियानोवादक आणि गायक नॅट किंग कोल यांचं चरित्र पाहू या.

बालपण

नॅट यांचा जन्म १७ मार्च १९१९ रोजी अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात, एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. ते लहान असतानाच कुटुंब शिकागोला आलं. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते आणि आई तिथे ऑर्गन वाजवायची. पियानोचे पहिले धडे त्यांना आईकडूनच मिळाले. शिकागोत तेव्हा जॅझ बहरात होतं. अर्ल हाइन्स यांचं पियानोवादन ऐकत हा मुलगा घडला.

वादक ते गायक

१९३७ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांनी पियानो, गिटार आणि डबल बास अशा तीनच वाद्यांचा संच उभा केला. त्यात ड्रम नव्हता. या त्रिकुटाला पहिलं मोठं यश मिळालं ते १९४३ मध्ये रेकॉर्ड झालेल्या एका गाण्यामुळे. गंमत बघा, त्या गाण्याचा आधार होती गिधाड आणि माकडाची लोककथा. वडील आपल्या प्रवचनात ती सांगायचे. म्हणजे जुनं घेऊन नवं करण्याचं काम नॅट सुरुवातीपासूनच करत होते!

पुढेही त्यांनी ते सोडलं नाही. १९५८ मध्ये त्यांनी स्पॅनिश गाण्यांचा अल्बम केला. भाषा येत नव्हती, तर उच्चार पाठ करून गायले. १९६१ मध्ये त्यांनी आपलीच गाजलेली गाणी स्टिरिओ पद्धतीने पुन्हा रेकॉर्ड केली. जुन्या तबकड्या मोनो होत्या आणि लोकांच्या घरी आता नवी यंत्रं आली होती. स्वतःचं गाजलेलं गाणं पुन्हा गाण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

यशासोबत अपमान

हे सगळं सुखासुखी झालं नाही. १९४८ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या गोऱ्या वस्तीत घर घेतलं, तेव्हा शेजाऱ्यांनी विरोध केला. तरी कुटुंब तिथेच राहिलं. १९५६ मध्ये अलाबामातल्याच बर्मिंगहॅम शहरात गात असताना काही गोऱ्यांनी रंगमंचावर चढून त्यांच्यावर हल्ला केला. जन्म ज्या राज्यात, हल्लाही त्याच राज्यात! त्याच वर्षी सुरू झालेला त्यांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम साधारण वर्षभरात बंद पडला, कारण देशपातळीवरचा प्रायोजकच मिळेना. आवाज हवा होता, पण माणसाला जवळ करायची तयारी नव्हती.

१५ फेब्रुवारी १९६५ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं. वय फक्त ४५. मुलगी नॅटली नुकतीच पंधरा वर्षांची झाली होती.

मुलीने काय केलं?

नॅटली पुढे स्वतः गायिका झाली. पण वडिलांच्या गाण्यांपासून ती कितीतरी वर्षं लांब राहिली. तिला स्वतःची ओळख हवी होती. १९९१ मध्ये मात्र तिने वडिलांची गाणी गायचं ठरवलं. त्यातलं 'अनफर्गेटेबल' हे वडिलांनी १९५१ मध्ये पहिल्यांदा रेकॉर्ड केलेलं गाणं. वडिलांचा टेपवरचा आवाज आणि तिचा नवा आवाज जोडून त्याचं युगलगीत झालं. एक ओळ वडिलांची, एक मुलीची. तेव्हा ती ४१ वर्षांची होती, म्हणजे जवळजवळ वडिलांच्या शेवटच्या वयाची. पुढच्या वर्षी या गाण्याला आणि अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाले.

२००९ मध्ये तर हिप-हॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या तरुण कलाकारांनी कोल यांच्या रेकॉर्डिंगवर नवे ताल चढवून एक अख्खा अल्बम काढला. तो सगळ्यांना आवडेलच असं नाही. पण त्यातून एखादा मुलगा मूळ गाण्यापर्यंत पोहोचला, तर काय बिघडलं?

आपण यातून काय घ्यायचं?

नॅटलीने वडिलांचा आवाज झाकला नाही, त्याच्यासाठी जागा सोडली. चांगलं रिमिक्स ओळखायची खूण मला तरी हीच वाटते. नुसता वरून ठेका चढवला आणि मूळ आवाज दबून गेला, तर तक्रार करायला आपण मोकळे आहोतच.

वर्गात किंवा घरी एक उपक्रम करून पाहा. मुलांना आजीच्या तोंडची एखादी ओवी किंवा अंगाईगीत मोबाईलवर रेकॉर्ड करायला सांगा. मग त्यात त्यांना हवं ते घालू द्या : टाळ्या, डबा, बाकावरचा ठेका, स्वतःचा आवाज. अटी फक्त दोन. मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं वेगळं जपून ठेवायचं आणि नवं गाणं सगळ्यात आधी आजीला ऐकवायचं.

आजी हसली तर उपक्रम यशस्वी. आणि तिने नाक मुरडलं, तर मुलांनी तिच्याजवळ बसून मूळ चाल पुन्हा शिकायची. नॅटलीला वडिलांच्या शेजारी बसून गायची संधी पुन्हा मिळाली नाही. आपल्या मुलांना ती अजून आहे.