एक्सप्लेनर : सामुराईपट आवडतात? मग कोल्हापूरचे भालजी पेंढारकर माहीत हवेत!

आकिरा कुरोसावा यांचा 'सेव्हन सामुराई' १९५४ मध्ये जपानमध्ये झळकला. दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांचा 'पावनखिंड' आला. दोन्हींत मूठभर माणसे बलाढ्य शत्रूला अडवतात. शाहूवाडी तालुक्यातल्या या खिंडीची गोष्ट पडद्यावर आणणारे भालजी कोण होते?

पावनखिंडीत काय घडले?

सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निघाले. १३ जुलै १६६० रोजी गजापूरजवळच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी बांदल मावळ्यांसह पाठलाग रोखून धरला. बाजी पडले, महाराज गडावर पोहोचले. हीच पुढे पावनखिंड झाली.

भालजी सिनेमात कसे आले?

कोल्हापुरात जन्मलेले भालजी मूकपटांच्या काळातच या धंद्यात आले. त्यांच्या 'वंदे मातरम् आश्रम' या मूकपटावर ब्रिटिश सेन्सॉरची वक्रदृष्टी झाली. १९३२ च्या 'श्यामसुंदर' या बोलपटाने मात्र रौप्यमहोत्सव साजरा केला. पुढे 'नेताजी पालकर', 'थोरातांची कमळा', 'बहिर्जी नाईक' हे ऐतिहासिक चित्रपट आले. राजापेक्षा त्याच्यासाठी झटणाऱ्या शिलेदारांवर आणि साध्या माणसांवर त्यांची नजर अधिक होती.

सर्वांत कठीण प्रसंग कोणता?

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला. आयुष्याची कमाई राख झाली. वयाची पन्नाशी गाठलेल्या भालजींनी कोल्हापूर सोडले नाही. स्टुडिओ पुन्हा उभा केला, आगीत गेलेला 'मीठभाकर' नव्याने चित्रित केला. १९५२ मध्ये चंद्रकांत मांडरे यांना घेऊन 'छत्रपती शिवाजी' काढला. 'पावनखिंड' त्यानंतरचा. पुढे कर्जापायी स्टुडिओची मालकी गेली. तो लता मंगेशकर यांनी घेतला, तरी भालजी तिथेच काम करीत राहिले.

सामुराईपटांशी साम्य कुठे?

दोन्हीकडे मान मिळतो तो दिलेला शब्द पाळण्याला, मग जीव गेला तरी चालेल. 'सेव्हन सामुराई'त सातपैकी चार योद्धे मरतात, जिंकतात ते शेतकरी. बाजीही विजय पाहायला उरत नाहीत.

मग फरक कोणता?

जपानी दिग्दर्शकांनी त्या प्रतिष्ठेलाच प्रश्न विचारले. मासाकी कोबायाशी यांच्या 'हाराकिरी'त (१९६२) घराण्याची अब्रू म्हणजे आतून पोकळ चिलखत ठरते. भालजींच्या चित्रपटांत मावळ्याची निष्ठा अशी संशयाच्या तराजूत घातली जात नाही, कारण ती स्वराज्यासाठी असते. म्हणून दोन्ही परंपरा शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीतून निष्ठेचे बळ कळते, दुसरीतून तिची किंमत.

पुढे काय झाले?

'मोहित्यांची मंजुळा' (१९६३) आणि 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) या चित्रपटांना लताबाईंनी 'आनंदघन' नावाने संगीत दिले. 'साधी माणसं'मध्ये भालजींनी कष्टकऱ्याच्या इमानाची गोष्ट सांगितली. 'तांबडी माती'तून (१९६९) दादा कोंडके पडद्यावर आले. १९९१ साठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार भालजींना मिळाला. नोव्हेंबर १९९४ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले.