पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : अल्पचरित्र

काशी, सोमनाथ, गया अशा तीर्थांची यात्रा करणारा भाविक देवदर्शन घेऊन घाटाच्या पायरीवर क्षणभर विसावतो. त्या पायरीसाठी आपण कोणाचे ऋणी आहोत, हा विचार त्या वेळी मनात येतोच असे नाही. काशीविश्वेश्वराचे मंदिर १७८० साली पुन्हा उभे राहिले. १७८३ साली सोमनाथ येथे भग्न मंदिराजवळ नवे मंदिर झाले, १७८७ साली गयेचे विष्णुपद मंदिर पूर्ण झाले, आणि आपल्या वेरूळच्या श्रीघृष्णेश्वराचाही जीर्णोद्धार झाला. ही कामे ज्या साध्वीने करविली, तिचे पती, सासरे व एकुलता एक पुत्र हे तिघेही त्यापूर्वीच निवर्तले होते.

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या लहानशा गावी झाला. (ज्या जिल्ह्यात हे गाव आहे, त्यास २०२४ साली त्यांचेच नाव देण्यात आले.) वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. मल्हारराव होळकरांनी या मुलीस मंदिरात पाहिले व सून म्हणून पसंत केले, असे परंपरेने सांगतात. १७३३ साली, वयाच्या आठव्या वर्षी, खंडेरावांशी त्यांचा विवाह झाला.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. अहिल्यादेवी सती जाण्यास निघाल्या. मल्हाररावांनी एकुलता एक पुत्र गमावला होता. त्या वृद्ध सेनानीने सुनेपुढे पदर पसरावा तशी विनवणी केली आणि त्या मागे फिरल्या. त्यानंतर मल्हाररावांनी त्यांना कारभाराचे शिक्षण दिले. हिशेब, वसुली, न्यायनिवाडा तर खराच, परंतु १७६५ सालच्या एका पत्रात तोफखाना व दारूगोळा घेऊन ग्वाल्हेरीकडे जाण्याची आज्ञाही त्यांना केलेली आढळते. अठराव्या शतकातील सासऱ्याने सुनेवर टाकलेला हा विश्वास आजही थक्क करणारा आहे.

१७६६ साली मल्हारराव आलमपूर येथे कैलासवासी झाले. अहिल्यादेवींनी तेथे त्यांची छत्री बांधविली. पुढच्याच वर्षी पुत्र मालेरावही गेले. दौलत बेवारस झाली असे समजून दत्तकाची खटपट सुरू झाली व राघोबादादा फौजेनिशी चालून आले. अहिल्यादेवी युद्धास सज्ज झाल्या. माधवराव पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला आणि प्रसंग टळला. सैन्याची धुरा तुकोजीरावांकडे सोपवून त्यांनी नर्मदातीरी महेश्वर येथे राजधानी केली व पुढे अठ्ठावीस वर्षे राज्य चालविले.

खासगीच्या द्रव्यावर त्यांनी तुळशीपत्र ठेवले, म्हणजेच ते धर्मकार्यास अर्पण केले. मंदिरे व घाट यांची नोंद ग्रंथांतून सापडते. लहान दाने मात्र फारशी कोणास ठाऊक नसतात. सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यातील जाणत्या माणसांना विचारून जो वृत्तांत १८२३ साली प्रसिद्ध केला, त्यात ती आली आहेत. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी मिळावे म्हणून रस्तोरस्ती माणसे नेमलेली असत. भर दुपारी शेतात जाऊन देवींचे सेवक नांगराचे बैल थांबवीत व त्यांना पाणी पाजीत. शेतकरी पाखरांना हाकलतात, यात त्यांचा काही दोष नाही. म्हणून काही शेते विकत घेऊन पाखरांसाठी मोकळी ठेवली होती. नर्मदेतील माशांनाही अन्न मिळे. ज्या बैलाच्या श्रमाचे धान्य आपण खातो, त्याचीही आठवण ठेवणारी ही वृत्ती होती.

त्यांचा दिनक्रमही याच वृत्तीचा होता. सूर्योदयापूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, अन्नदान, आणि मग स्वतःचे साधे भोजन. दुपारपासून सायंकाळपर्यंत दरबार आणि रात्री पुन्हा कामकाज. शोक करण्यास त्यात फारशी सवड नव्हती. कदाचित म्हणूनच त्यांनी तो असा आखला असावा. एका विद्वानाने त्यांची स्तुती करणारा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला व नर्मदेत सोडून देण्यास सांगितले. देणगीच्या फलकावर आपले नाव कितव्या ओळीत येईल, अशी विचारणा आमच्या कार्यालयात होते, त्या वेळी आम्हांस या प्रसंगाची हटकून आठवण होते. (विचारणाऱ्यांचा भाव शुद्ध असतो, हेही नमूद केले पाहिजे.)

सर्वांत कठीण वेळ मात्र उतारवयात आली. नातू गेला, आणि १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले. कन्या मुक्ताबाई सती जाण्यास निघाल्या. तुझ्यावाचून मला आता कोणी नाही, अशी विनवणी आईने केली. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी अशाच शब्दांनी त्यांना थांबविले होते. लेक मात्र थांबली नाही. तुझे आयुष्य थोडे उरले आहे, तू गेल्यावर मी कोणासाठी जगू, असा तिचा प्रश्न होता, आणि त्यास आईपाशी उत्तर नव्हते. चिता पेटली तेव्हा दोघा ब्राह्मणांनी त्यांना धरून ठेवले होते. त्यानंतर तीन दिवस त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

मग त्यांनी लेक व जावई यांच्या स्मरणार्थ वास्तू बांधण्याचे काम हाती घेतले. दरबार, पूजा, दान पूर्ववत सुरू झाले व आणखी चार वर्षे चालू राहिले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वर येथेच त्यांनी देह ठेवला.